जुनं कार्पेट घरच्या घरी काढताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकच्या जुन्या बंगल्यांत, रो-हाउसमध्ये, दवाखान्यांत आणि वकिलांच्या ऑफिसांत एके काळी हौसेनं चिकटवलेली कार्पेटं आता थकली आहेत. कडा उसवल्या आहेत, पावसाळ्यात कुबट वास येतो, झाडूनही धूळ निघत नाही. माणूस लावून काढून घेतलं तर तो भराभर ओरबाडतो आणि खालच्या फरशीचा विचार करत नाही. ही फरशी बहुतेक वेळा चांगली असते, आज पैसे टाकूनही तशी मिळत नाही. ती वाचवायची असेल तर काम स्वतःच्या हातानं, सावकाश करणं बरं.

कार्पेटखाली काय निघेल?

घर कधीचं आहे यावरून बराच अंदाज बांधता येतो. वाड्यात किंवा चाळीत तळमजल्यावर शहाबादी फरशी, नाहीतर सिमेंटचा कोबा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत बांधलेल्या घरांत बहुधा मोझॅक, ज्यात संगमरवराची रंगीत खडी दिसते. पुढे कोटा आणि मार्बल आले, नव्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स.

अंदाजावर थांबू नका. दारामागचा किंवा कपाटामागचा एक कोपरा पकडीत धरून वीतभर उचला. फरशी कोणती आहे, कार्पेट नुसतं पसरलंय की सोल्युशननं पूर्ण चिकटवलंय आणि खाली ओल आहे का, हे तिन्ही तिथेच कळतं. दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत बघा, कारण बऱ्याच कारागिरांनी सोल्युशन फक्त कडेनं लावलेलं असतं, मधे कोरडं असतं. तसं निघालं तर तुमचं अर्धं काम वाचलं.

हे खरंच घरच्यांना जमतं?

कार्पेट काढणं जमतं. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ११ चौरस मीटर कार्पेट बसतं. चौरस मीटरला दोन किलोच्या आसपास वजन धरलं तर २०-२५ किलोचा माल झाला, शिवाय आतली धूळ. दोन माणसं एका सकाळी तो उचलू शकतात. खरा वेळ लागतो तो खाली राहिलेल्या सोल्युशनला. ‘रविवारी कार्पेट काढू आणि संध्याकाळी पलंग लावू’ असं ठरवलं की घाई होते, आणि घाईत लोक ॲसिड ओततात. खोली सलग काही दिवस रिकामी ठेवता येत असेल तरच हात घाला.

कोणत्या दिवसांत काढावं?

पावसाळ्यात नको. जून ते सप्टेंबर फरशी लवकर वाळत नाही आणि भिजलेलं कार्पेट दुप्पट जड होतं. दिवाळीच्या साफसफाईत काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण तेव्हा घरात रंगारी, फराळ आणि पाहुणे एकदम असतात. माझ्या मते संक्रांतीनंतर होळीपर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. हवा कोरडी असते, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता येतात. एप्रिल-मेच्या उन्हात रबरी सोल्युशन मऊ पडतं हा फायदा आहे, पण मास्क लावून दुपारी काम करणं जड जातं.

आधी रंगकाम की आधी कार्पेट?

आधी रंगकाम. जुनं कार्पेट जाणारच आहे, तर रंगाचे शिंतोडे, पुट्टीची भुकटी सगळं त्याच्यावर पडू द्या. रंग पूर्ण वाळला की मगच कार्पेट काढा. फक्त खालची स्कर्टिंग आणि भिंतीचा वीतभर पट्टा शेवटच्या हातासाठी सोडायला रंगाऱ्याला सांगून ठेवा, कारण कडा काढताना तिथे थोडं खरचटतंच.

काय काय सामान लागेल?

मोठा कटर आणि भरपूर पाती. कार्पेट कापताना पातं फार लवकर बोथट होतं, आणि बोथट पात्यावर जोर दिला की ते निसटून हाताला लागतं. पकड, हातोडी, खिळे उपटायला जंबूर, पटाशी किंवा छोटी पहार. रंगारी वापरतात तो पुट्टीचा पत्रा, एक रुंद आणि एक अरुंद. जाड हातमोजे, एन-९५ मास्क, पाणी फवारायची बाटली, सुतळी, जुनी पोती. सिडको असो की पंचवटी, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं मिळतं. आणि पायात बूट. चप्पल घालून हे काम कोणीही करू नये, कार्पेट धरून ठेवायला भिंतीच्या कडेनं ठोकलेल्या लाकडी पट्टीतले खिळे वर तोंड करून असतात. खिळा खोल गेला आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपेक्षा जुनं असेल, किंवा कधी घेतलं ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रत्यक्ष काढायचं कसं?

खोली पूर्ण रिकामी करा. जड कपाट हलत नसेल तर त्याच्या पायांभोवती कापून तो तुकडा नंतर काढता येतो, पण तिथे पुढे ठिगळ दिसतं, म्हणून शेजाऱ्यांना बोलावून कपाट हलवलेलंच बरं.

कापण्याआधी एक गोष्ट तपासा. पूर्वी टीव्हीची केबल, टेलिफोनची तार, कधी कधी टेबल लॅम्पसाठी ओढलेली विजेची वायरही कार्पेटखालून नेलेली असते. तळव्यानं दाबत खोलीभर फिरा. उंचवटा लागला तर त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि तिथे कटर चालवू नका.

मग पृष्ठभागावर पाण्याची हलकी फवारणी करा. भिजवायचं नाही, धूळ बसेल इतकंच. कोपरा पकडीनं उचला, हाताच्या पकडीत येईल एवढा सुटला की मागे दुमडून उलट्या बाजूनं कापा. वरच्या लोकरीतून कापणं अवघड असतं, खालच्या गोणपाटासारख्या थरातून कटर सरळ जातो. शिवाय पातं दुमडलेल्या भागात राहतं आणि फरशीवर ओरखडा पडत नाही. दोन फूट रुंदीच्या पट्ट्या करा. बारा फूट लांबीची अशी पट्टी साडेचार-पाच किलोची होते, गुंडाळून सुतळीनं बांधली की जिन्यावरून एकट्याला नेता येते. अख्खं कार्पेट एकदम गुंडाळायला जाऊ नका, ते जिन्याच्या वळणावर अडकतं आणि भिंतींचा रंग घासून नेतं.

ओढताना कंबरेतून झटके देऊ नका. गुडघ्यावर बसा, एकानं हळू ओढायचं, दुसऱ्यानं पत्रा घालून खालून सोडवत जायचं. जोरात ओढलं की वरचा थर हातात येतो आणि खालचा फरशीवरच राहतो. मग तो वेगळा खरवडावा लागतो.

घरात दम्याचा त्रास असणारं माणूस किंवा लहान मूल आहे. काय काळजी घ्यावी?

त्यांना त्या दिवसापुरतं नातेवाइकांकडे पाठवा. याला पर्याय शोधू नका. वर्षानुवर्षं साठलेली धूळ, त्यातले डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे, बुरशी, पाळीव प्राण्यांचे केस हे सगळं एकदम हवेत उठतं. खोलीचं दार बंद ठेवून फटीला ओला टॉवेल लावा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. काम झाल्यावर कोरडा कुंचा फिरवू नका. आधी फवारणी, मग सुपलीत गोळा करणं, मग दोन वेळा ओल्या फडक्यानं पुसणं. अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

सोल्युशनचा पिवळा-तपकिरी थर निघतच नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि घाई इथेच सगळ्यांत जास्त नुकसान करते. आधी सोल्युशन कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. तळहाताएवढ्या जागेवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा. थर पांढुरका होऊन मऊ पडला तर ते पाण्यात विरघळणारं, पांढऱ्या फेविकॉलच्या जातीचं. काहीच फरक पडला नाही आणि बोटाला रबरासारखं लागलं तर ते रबरी सोल्युशन.

पहिल्या प्रकाराला गरम पाणी आणि कपडे धुण्याची पावडर पुरते. जुना टॉवेल पिळून पसरा, वर प्लास्टिकचा कागद टाका म्हणजे वाफ टिकते, अर्ध्या तासानं पत्रा जवळजवळ आडवा धरून खरवडा. बादलीनं पाणी ओतू नका. वरच्या मजल्यावर ते सांध्यांतून खालच्यांच्या छताला उतरतं.

रबरी सोल्युशनला आधी कोरडं खरवडा. जेवढं निघेल तेवढं निघू द्या, उरलेल्याला ऊब द्या. हेअर ड्रायर एका जागी मिनिटभर धरला तरी थर मऊ होतो आणि पत्र्यावर गोळा होऊन येतो. हे संथ काम आहे, पण सुरक्षित आहे आणि फरशीला काही होत नाही. शेवटचा जो पातळ चिकट पापुद्रा उरतो, फक्त त्यासाठी रंगाचा थिनर, तोही फडक्यावर घेऊन, हातभर जागेत. आधी कोपऱ्यात लावून बघा, रंगीत सिमेंटच्या मोझॅकवर कधी कधी डाग उतरतो.

थिनर वापरायचा तर देवघरातलं निरांजन आणि समई शांत करा, गॅस सिलिंडर बंद करा, उदबत्ती नको, फ्रिजचा आणि इन्व्हर्टरचा स्विच त्या खोलीत असेल तर आधीच बंद करा. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि पलीकडच्या खोलीतल्या ठिणगीनंही पेटते. खिडक्या उघड्या हव्यात. भिजलेली फडकी घरात गोळा करून ठेवू नका, गच्चीत मोकळ्यावर वाळवा. पेट्रोल वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. बंद खोलीत पेट्रोल म्हणजे जीवाशी खेळ.

मोझॅकवर लोखंडी पत्रा चालतो. मार्बल आणि कोट्यावर ओरखडे पडतात, तिथे प्लास्टिकचा स्क्रॅपर किंवा लाकडी उलथनं घ्या, वेळ जास्त लागला तरी.

ॲसिड टाकलं तर पटकन निघेल ना?

नाही. संडास-बाथरूमला वापरतात ते ॲसिड सोल्युशनला जवळजवळ काही करत नाही, पण फरशीला खातं. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडक, मार्बल त्याच कुळातला, मोझॅकमधली खडी संगमरवराची आणि तिला धरून ठेवणारं सिमेंट. या सगळ्यांवर ॲसिड पडलं की फेस येतो. तो फेस म्हणजे तुमची फरशी विरघळते आहे. चकाकी जाते, खडबडीत खड्डे पडतात आणि पुढे पॉलिशवाल्याला मिलिमीटरभर जास्त घासावं लागतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आहे. फरशी वाचवायची असेल तर ॲसिडची बाटली त्या खोलीत नेऊच नका.

कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या आणि दारातली ॲल्युमिनियमची पट्टी?

लाकडी पट्टीखाली पटाशी घाला, खाली पातळ प्लायचा तुकडा ठेवा म्हणजे जोर फरशीवर येत नाही, आणि खिळ्याच्या जागीच उचला. मधेच उचकलं तर लाकूड मोडतं आणि खिळा राहतो. उरलेले खिळे जंबुरानं सरळ वर ओढा. भोकं पांढऱ्या सिमेंटमध्ये फरशीच्या छटेचा रंग मिसळून भरा, पॉलिशनंतर ती फारशी दिसत नाहीत. ॲल्युमिनियमची पट्टी भंगारवाला घेतो.

आमच्याकडे कापडी नाही, प्लास्टिकचं कार्पेट आहे.

म्हणजे लिनोलियम म्हणतात ते, पीव्हीसीचं. धूळ कमी, पण खालचा कागदासारखा किंवा फेल्टचा थर फरशीला चिकटून राहतो. तो कोरडा खरवडू नका, भिजवून काढा. आणि हे कार्पेट कुठेही जाळू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषं बाहेर पडतात.

खाली काळा डांबरासारखा थर आणि ठिसूळ चौकोनी टाइल्स निघाल्या.

थांबा. जुन्या ऑफिसांत आणि क्वार्टर्समध्ये कधी कधी नऊ इंची व्हिनाइलच्या टाइल्स काळ्या सोल्युशननं बसवलेल्या सापडतात. त्यांत आणि त्या सोल्युशनमध्येही ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेलं तर फुप्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू) असू शकतं, आणि ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. तोडू नका, ग्राइंडर मुळीच लावू नका, कोरडं खरवडू नका. टाइल्स घट्ट असतील तर तशाच ठेवून वरून झाकून घेणं हा सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग. काढायच्याच असतील तर नमुना प्रयोगशाळेत तपासून, जाणकार माणसाकडूनच.

जुना वाडा आहे, वरच्या मजल्याला लाकडी फळ्या आहेत.

पाणी अजिबात नको, फवारणीही अगदी नावाला. फळ्यांवर कार्पेट बहुधा बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, ठोकलेलं असतं, एकेक चूक जंबुरानं काढावी लागते. काम चिकाटीचं आहे, पण खाली सागाच्या फळ्या निघाल्या तर त्याचं समाधान मोठं. फळी पायाखाली दबत असेल किंवा पटाशी सहज आत जात असेल तर त्या जागी उभे राहू नका, आधी सुताराला खालून तुळया बघायला सांगा.

खोलीत पुराचं पाणी शिरलं होतं. वाळवून ठेवलेलं कार्पेट वापरावं का?

नाही. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीकडे बघून पाणी कुठवर चढलं ते आपण सांगतो, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजार, भांडी बाजार भागांतल्या दुकानांत ते कसं शिरलं तेही नाशिककरांना आठवतं. त्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. कार्पेट वरून वाळतं, आतून वाळत नाही. लवकरात लवकर काढा, रबरी हातमोजे आणि गमबूट घालून, आणि ते तुकडे पुन्हा कशालाही वापरू नका.

कार्पेटखाली मातीच्या रेघा दिसल्या.

वाळवी. तागाचा थर तिला आवडतो. झाडून टाकलं म्हणजे गेली असं नाही, ती सांध्यांतून आणि चौकटींतून येते. पेस्ट कंट्रोल करून घ्या, मगच पुढचं काम.

तळमजल्याच्या घरांत त्याच वेळी ओलही तपासा. काळ्या मातीवरच्या बांधकामात ओल खालून चढू शकते. दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. आतून थेंब जमले असतील तर ओल खालून येते आहे. अशा खोलीत पुन्हा काहीही चिकटवू नका, कार्पेट तर नाहीच.

निघालेलं कार्पेट टाकायचं कुठे?

घंटागाडीवर अख्खे गुंडाळे घेतील अशी अपेक्षा ठेवू नका. महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात आधी विचारा आणि ते सांगतील तसं पाठवा. लहान बांधलेले तुकडे कोरड्या कचऱ्यात थोडे थोडे देता येतात का, तेही गाडीवरच्या कर्मचाऱ्यांनाच विचारा, उचलायचं त्यांना आहे. मोकळ्या प्लॉटवर, नासर्डीच्या किंवा वाघाडीच्या काठावर नेऊन टाकणं हे चूक आहे. कचरा उघड्यावर, नाल्यात, पाण्यात टाकू नये आणि जाळू नये, हे घनकचऱ्याच्या नियमांतच स्पष्ट आहे. ते सगळं शेवटी गोदेतच जातं.

स्वच्छ, कोरड्या पट्ट्या गाडीखाली, पाण्याच्या पिंपाखाली, सामान हलवताना कपाटाच्या पायांखाली कामाला येतात. द्राक्षबागेत ओळींमध्ये तण दाबायला नेऊ का, असंही विचारलं जातं. नायलॉन-पॉलिप्रॉपिलीनचं कार्पेट उन्हात झिजून त्याचे धागे मातीत मिसळतात, ते परत वेचता येत नाहीत. बागेत नका नेऊ.

फरशी निघाली, पण काळवंडलेली आहे.

आधी धुवा, वाळू द्या, आठवडाभर वापरा. बरीचशी मळकट छटा नुसत्या पुसण्यानं उतरते. हातोडीच्या दांड्यानं हळू ठोकून पोकळ वाजणाऱ्या फरश्यांवर खडूनं खूण करा, त्या पॉलिशच्या आधी पक्क्या करून घ्यायला हव्यात. मोझॅकचं पॉलिश मशीनवर जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत, टप्प्याटप्प्यानं पाणी सोडत होतं आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचा हलका हात फिरतो. जाड दगडानंतर सांधे आणि भोकं सिमेंटनं भरून वाळू दिली का, यावर लक्ष ठेवा. घाईतले कारागीर हा टप्पा गाळतात. निघालेला चिखल बाथरूमच्या जाळीत सोडू देऊ नका, तो पाइपात घट्ट बसतो.

दाराखाली फट राहिली.

कार्पेट बसावं म्हणून तेव्हा दार खालून तासलेलं असतं. दाराला खालून रबरी पट्टी लावून घ्या, सुताराचं छोटं काम आहे.

हिवाळ्यात फरशी गार लागेल त्याचं काय?

लागेल. नाशिकची थंडी आणि निफाडचा पारा आपल्याला माहीत आहे. पलंगाशेजारी आणि बसण्याच्या जागी जाड सतरंजी टाका. ती झटकता येते, धुता येते, उन्हात घालता येते. चिकटवलेल्या कार्पेटला यांतलं काहीच करता येत नव्हतं. घरात वयस्कर माणसं असतील तर सतरंजीखाली रबरी जाळी टाका, पॉलिश केलेल्या फरशीवर ती सरकते.

भाड्याचं घर आहे.

मालकांची लेखी परवानगी घ्या, आधीचे फोटो काढा. मगच कटर.

नव्या टाइल्सच बसवायच्या आहेत, तर सोल्युशन काढायची गरज आहे का?

आहे. रबरी पापुद्र्यावर ना सिमेंट नीट धरत ना टाइल्सचं चिकटद्रव्य, आणि टाइल्स पुढे वाजायला लागतात. पण त्याआधी एक विनंती. खाली मोझॅक किंवा कोटा असेल तर पॉलिशवाल्याला दाराजवळच्या तीन-चार फरश्या नमुन्यादाखल घासून द्यायला सांगा. ओल्या-सुक्या दोन्ही अवस्थांत, दिवसाच्या उजेडात, घरातल्या सगळ्यांनी बघा. टाइल्सची ऑर्डर त्यानंतर द्यायची की नाही ते ठरवा.